मुलीचं पहिलं कम्युनियन आणि सासूबाईंचा अबोला

वसई पट्ट्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा असा: "माझी मुलगी आठ वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात तिचं फर्स्ट होली कम्युनियन आहे, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) आपण प्रभूचं शरीर मानतो ती पवित्र भाकर ती पहिल्यांदा घेणार. आमच्या चर्चमध्ये हातावर आणि जिभेवर दोन्ही चालतं, पण धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर मुलांकडून फक्त हातावर घेण्याचा सराव करून घेतात. मुलीनं घरी येऊन आजीला तो करून दाखवला आणि घरात वादळ उठलं. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. त्या म्हणाल्या, 'फादरांशिवाय कुणी प्रभूला हात लावायचा नसतो. हातावर घेणार असेल, तर मी चर्चमध्ये येणार नाही.' तेव्हापासून त्या माझ्याशी नीट बोलत नाहीत. आखातात असलेले दीर रोज व्हिडिओ पाठवतात, त्यांत मोठमोठ्या संतांची वचनं असतात. मिस्टर म्हणतात, 'तुम्ही दोघी ठरवा.' खरं सांगायचं तर मी स्वतः कोविडच्या काळात हातावर घ्यायला लागले आणि तेच चालू राहिलं. आता रांगेत उभी राहिले की छातीत धडधडतं. हातावर घेतल्यानं पाप लागतं का? मुलीला काय सांगू? सासूबाईंचं मन कसं राखू?"

आधी तुमच्या मनावरचं ओझं उतरवते. नाही, पाप लागत नाही. कोविडपासून आजपर्यंत तुम्ही हातावर घेतलेलं एकही कम्युनियन कुमसाराला, म्हणजे फादरांपुढच्या पापकबुलीला, नेण्याची गरज नाही. जिथं हातावर घ्यायची परवानगी आहे तिथं ते जिभेवर घेण्याइतकंच रीतसर आहे. मिस्सा कशी साजरी करावी याचे चर्चचे जे सर्वसाधारण नियम आहेत, त्यांत स्पष्ट म्हटलंय की जिभेवर की हातावर, ही निवड घेणाऱ्याची. फादरांची नाही, सिस्टरांची नाही, शेजारच्या बाकावरच्या बाईंची तर नाहीच. तेव्हा पुढच्या रविवारी रांगेत उभ्या राहाल तेव्हा निदान हे एक भय घरी ठेवून या.

आता सासूबाईंकडे वळते, कारण तुमच्या पत्रात त्या जरा एकट्या पडल्यासारख्या वाटल्या. 'जुन्या वळणाच्या आहेत, त्यांना नवं समजत नाही', असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळींच्या मागे ते आहे. मला ते पटत नाही. त्यांना पुष्कळ समजतं. फादरांच्या दीक्षाविधीत बिशप त्यांच्या तळहातांना पवित्र तेल लावतात, हे त्यांना ठाऊक आहे. 'फादरांशिवाय कुणी हात लावायचा नाही' या वाक्यामागे ते तेल आहे. आणि कायद्याच्या बाजूनंही त्या अगदी रिकाम्या हातानं उभ्या नाहीत. साठच्या दशकात युरोपात काही ठिकाणी, विशेषतः हॉलंड-बेल्जियमकडे, परवानगीशिवायच हातावर द्यायला सुरुवात झाली होती. पोप पॉल सहावे यांनी जगभरच्या बिशपांना विचारलं, ही पद्धत स्वीकारावी का? ५६७ जणांनी होकार दिला, १,२३३ जणांनी नकार आणि ३१५ जणांनी अटी घालून होकार. म्हणून २९ मे १९६९ च्या आदेशात रोमनं जिभेवर देण्याची रीत कायम ठेवली. मात्र जिथं दुसरी रीत आधीच रुजली आहे तिथल्या बिशपांच्या मंडळानं गुप्त मतदान घेऊन दोन-तृतीयांश बहुमतानं मागणी केली, तर परवानगी मिळेल, अशी वाट मोकळी ठेवली. पुढे एकेका देशाला ती मिळत गेली. म्हणजे जिभेवर घेणं हा मूळ नियम आणि हातावर घेणं ही दिलेली मुभा. 'व्हॅटिकन परिषदेनं (साठच्या दशकात भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेनं) सांगितलं म्हणून हातावर' असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर ते चूक आहे. परिषदेच्या उपासनेवरच्या दस्तऐवजात याचा उल्लेखच नाही.

एवढं सासूबाईंच्या पारड्यात टाकलं. पण दिरांच्या व्हिडिओंमधून जे चित्र उभं राहतं, की हातावर घेणं हे कालपरवाचं फॅड आहे आणि पहिल्यापासून चर्चनं ते पापच मानलंय, ते खरं नाही. जेरुसलेमचे बिशप संत सिरिल यांच्या नावावर असलेली चौथ्या शतकातली प्रवचनं आहेत. नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांना त्यांत शिकवलंय: येताना बोटं फाकवून येऊ नकोस. डावा हात उजव्या हाताचं सिंहासन कर, कारण तो राजाला झेलणार आहे. तळहात खोलगट कर, प्रभूचं शरीर घे आणि 'आमेन' म्हण. आणि लगेच पुढे: एक कणही सांडू नकोस. कुणी तुला सोन्याची भुकटी दिली असती तर किती जपून धरली असतीस?

डावा हात खाली, त्यावर उजवा, तळहात खोलगट. आपल्या मुलुखात ही मुद्रा कुणाला शिकवावी लागते का? शेजारच्या घरी तीर्थ-प्रसाद घेणारी आपली हिंदू भावंडं तसाच हात पुढे करतात. कसलीही आदराची वस्तू घेताना आपला उजवा हात वर असतो आणि डावा त्याला आधार देतो. म्हणून मला एक शंका येते, ती सासूबाईंना एकदा हळूच विचारून पाहा. वर्गात मुलांना बहुधा डावा तळहात वर ठेवायला शिकवतात, म्हणजे उजव्या हाताच्या बोटांनी उचलून तोंडात घालता येतं. सोय म्हणून ते बरोबर आहे. पण आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला नात देवाचं काही डाव्या हातावर घेताना दिसली, तर पोटात कसं ढवळून निघेल, विचार करा. कदाचित त्यांचा निम्मा राग हाताचा नसून डाव्या हाताचा असेल. तसं असेल तर सिस्टरांशी बोलून सिरिलनं सांगितल्याप्रमाणे उजवा हात वर ठेवून घेता येतं का, हे विचारायला काय हरकत आहे?

दिरांच्या व्हिडिओंमधलं संत थॉमस अक्विनास यांचं म्हणणं मात्र खरं आहे. तेराव्या शतकात त्यांनी लिहिलंय की या संस्काराच्या आदरापोटी अभिषेक न झालेलं काही त्याला स्पर्श करत नाही. म्हणून वेदीवरचं वस्त्र आणि प्याला पवित्र केलेले असतात, धर्मगुरूचे हातही. पण त्याच ठिकाणी ते पुढे म्हणतात, गरज पडली तर, उदाहरणार्थ पवित्र भाकर जमिनीवर पडली तर, इतरांनी हात लावायला हरकत नाही. म्हणजे स्पर्शच मुळात पाप, असं ते मानत नव्हते. त्यांच्या काळी जो शिस्तीचा नियम होता त्याचं कारण ते सांगत होते. श्रद्धा आणि शिस्त यांतला हा फरक तुम्ही एकदा नीट मनात बसवून घ्या. त्या भाकरीत प्रभू खरोखर आहे, ही श्रद्धा. ती सिरिलची होती, अक्विनासची होती, सासूबाईंची आहे, तुमची आहे. घ्यायचं कसं, ही शिस्त. ती काळाप्रमाणे बदलली आहे आणि बदलवणारी चर्चच आहे.

हे सासूबाईंना तत्त्वज्ञान म्हणून सांगू नका. त्यांच्याच आठवणीतून त्यांना आठवू द्या. त्यांच्या आईच्या काळी कम्युनियन घ्यायचं तर रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ मध्ये पाण्याला मुभा मिळाली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला, १९६४ च्या अखेरीस एका तासावर. त्या स्वतः लहान असताना वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकत असणार, फादर लॅटिनमध्ये पुटपुटत पुढे सरकत असणार आणि घेणाऱ्यानं तोंडातून चकार शब्द काढायचा नसे. 'ख्रिस्ताचे शरीर' म्हटल्यावर आपण 'आमेन' म्हणायचं, ही सिरिलच्या काळची रीत १९६४ मध्ये पुन्हा आली. आज त्या एका तासाचा उपास करून, मराठीत 'आमेन' म्हणून कम्युनियन घेतात, तेव्हा त्यांची श्रद्धा आईपेक्षा तसूभर तरी कमी झाली का? त्यांनी याआधी इतके बदल पचवले आहेत. आता हा एकच का खुपतोय, ते तुम्ही त्यांना विचारायला हवं, आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसून ऐकायला हवं.

मी स्वतः काही वर्षं रविवारच्या मिस्सेत कम्युनियन द्यायला मदत करते. माझ्या हातांना तेल लागलेलं नाही, मी साधी प्रापंचिक बाई. पहिल्या दिवशी माझी बोटं इतकी थरथरत होती की फादरांनी डोळ्यांनीच धीर दिला. त्या जागेवरून जे दिसतं ते सांगते. समोर तळहात येतात. वाडीत काम करणाऱ्या बाईचा तळहात, भेगांमध्ये बसलेली माती कितीही घासली तरी न गेलेली. हळदीनं पिवळी झालेली नखं. शाळकरी पोराच्या हातावर पेनानं लिहिलेलं काहीतरी. एक आजोबा आहेत. ते दोन्ही हात छातीपर्यंत उचलून धरतात, मी पवित्र भाकर ठेवली की क्षणभर तिच्याकडे बघत राहतात, आणि मग तळहातच ओठांपाशी नेतात. खाली उतरताना पुन्हा तळहात बघतात, काही राहिलं तर नाही ना म्हणून. त्यांच्यामागे उभी असते एक बाई, डोळे मिटून, हात जोडून, जीभ पुढे काढलेली. लेकरू आईच्या हातून घास घेतं तसं तिचं तोंड उघडलेलं असतं. या दोघांतलं कुणाचं भक्तीत कमी आहे, हे ठरवायची माझी हिंमत नाही.

उलट बाजूही बघितली आहे. एक तरुण मुलगा हातावर घेऊन तसाच चालू लागला, तोंडात न घालता. मी दुसऱ्या फादरांकडे बोट करून पुढच्या माणसांना तिकडे वळवलं आणि त्याच्यामागे बाकापर्यंत गेले. म्हटलं, 'बाळा, इथंच घे, माझ्यासमोर.' त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि जिभेवर घेणारेही असे येतात की दात मिटलेले, नजर बाजूच्या रांगेत, 'आमेन' नाहीच. निष्काळजीपणाला हात आणि जीभ दोन्ही सारखेच. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला आग म्हटलंय. हात अपवित्र म्हणून जीभ निवडायची, तर त्या अध्यायानंतर जीभही हातात घेऊनच रांगेत उभं राहावं लागेल. आपल्यापैकी पवित्र कुणीच नाही. म्हणून तर पुढे येण्याआधी शुभवर्तमानातल्या त्या रोमन शताधिपतीचं (शंभर सैनिकांच्या अधिकाऱ्याचं) वाक्य आपण सगळे मिळून म्हणतो, की प्रभो, तू माझ्या छपराखाली यावंस इतकी माझी योग्यता नाही.

आता मुलीकडे येते. तुमच्या तिन्ही प्रश्नांत एक गृहीत आहे, की तिनं कसं घ्यायचं हे तुम्ही, सासूबाई किंवा सिस्टर यांपैकी कुणीतरी ठरवायचं. तिला कुणी विचारलंय का? १९१० मध्ये पोप पायस दहावे यांनी कम्युनियनचं वय साधारण सात वर्षांपर्यंत खाली आणलं. कारण एवढंच, की त्या वयाच्या मुलाला ही भाकर आणि घरची भाकर यांतला फरक कळतो. ज्या चर्चनं आठ वर्षांच्या लेकीवर एवढा मोठा विश्वास टाकला, तिनंच घेणाऱ्याला निवड दिली आहे. तेव्हा ही निवड तिचीही आहे. पण ती करण्यासाठी तिला दोन्ही यायला हवं.

म्हणून सिस्टरांना भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका. पन्नास पोरांना एका रांगेत शिस्तीनं आणणं सोपं नसतं आणि एकच पद्धत शिकवली की गोंधळ कमी होतो, म्हणून त्या तसं करत असणार. त्यांना इतकंच म्हणा, 'सिस्टर, दोन्ही शिकवाल का? आमच्या घरी जिभेवर घेणारे आहेत.' एवढ्यानं बहुतेक वेळा काम होतं. नाहीच झालं तर फादरांना भेटा. रोमनं २५ मार्च २००४ रोजी काढलेल्या सूचनापत्राच्या ९२ व्या परिच्छेदात म्हटलंय की जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येक श्रद्धावंताला नेहमीच आहे. जिथं परवानगी आहे तिथं हातावर मागणाऱ्यालाही द्यायचं, आणि त्यानं ते देणाऱ्याच्या समोरच सेवन करायचं. फादरांना हे माहीत असतं, तुम्ही नुसता विषय काढलात तरी पुरे.

घरी सराव करून घ्या. ज्यांच्या घरी यंदा हा सोहळा आहे त्या सगळ्यांनाच सांगते. जिभेवर घ्यायचं असेल तर आधी 'आमेन' म्हणून घ्यायचं, मग तोंड उघडायचं. मुलं दोन्ही एकदम करायला जातात आणि फादरांची बोटं दातांत येतात. जीभ खालच्या ओठावर येईल इतकी पुढे, मान किंचित वर, आणि हलायचं नाही. हातावर घ्यायचं असेल तर हात छातीच्या उंचीवर, सपाट, एकावर एक. फादरांच्या बोटांतून उचलून घ्यायचं नाही, ते ठेवतील तोवर थांबायचं. एक पाऊल बाजूला होऊन तिथंच तोंडात घालायचं, चालत-चालत नाही. मग तळहात बघायचा, कण दिसला तर तोही घ्यायचा. पवित्र भाकर चुकून खाली पडली तर घाबरून पायाखाली शोधायचं नाही, जागेवर थांबायचं, फादर उचलतील. मुलीला हे आधीच सांगा, नाहीतर त्या दिवशी पडल्यावर ती रडत परत येईल आणि आयुष्यभर तेवढंच लक्षात ठेवेल.

काही वेळा निवडीचा प्रश्नच नसतो. सणाच्या दिवशी फादर पवित्र भाकर द्राक्षारसात बुडवून देत असतील तर ती जिभेवरच घ्यायची, हातावर देताच येत नाही. कडेवर बाळ असेल, हात प्लास्टरमध्ये असेल, तर जिभेवर. फर्स्ट कम्युनियनच्या मुली पांढरे हातमोजे घालतात. मोजे घालून हातावर घ्यायचं नाही. मोजे काढायला वेळ नसेल तर जिभेवर घ्यावं.

सासूबाईंचं मन राखायचं कसं, या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे की त्यांना समजावायला जाऊच नका. त्यांच्याकडे मागा. एका संध्याकाळी भांडी आवरून झाल्यावर लेकीला त्यांच्याजवळ बसवा आणि म्हणा, 'आजी, तुमचं पहिलं कम्युनियन कसं होतं ते हिला सांगा ना.' कठड्यावर पांढरं कापड घातलेलं असायचं का, हनुवटीखाली ताटली धरायचे का, पांढरा फ्रॉक कुणी शिवला होता. आणि जिभेवर कसं घ्यायचं हे त्यांनाच शिकवू द्या. तुम्ही तिथं बसा, पण 'सिस्टर म्हणतात' असं काही मध्ये घालू नका. हातावरचं तिनं सिस्टरांकडून शिकलेलं आहेच. दोघींनी आपापलं दिलं की तिच्याजवळ दोन्ही असेल.

मग तिला एकांतात सांगा, की तुला हवं तसं घे, फक्त मनापासून घे, आणि कसं घेणार हे आम्हाला आधी सांगायची गरज नाही. आजीसमोर तर तिला हे कधीच विचारू नका. आठ वर्षांच्या मुलीला आई आणि आजी यांच्यात बाजू घ्यायला लावणं, तेही या एका दिवशी, हे मला हातावरच्या किंवा जिभेवरच्या कुठल्याही चुकीपेक्षा मोठं वाटतं. दिरांच्या व्हिडिओंना उत्तर देत बसू नका. फोन बाजूला ठेवा. मिस्टरांना मात्र एक काम सांगा. त्यांनी आपल्या आईपाशी जाऊन एवढंच म्हणावं, 'आई, हातावर घेऊ दे की जिभेवर, तू तिथं असायला हवीस.' 'तुम्ही दोघी ठरवा' म्हणून त्यांनी अंग काढून घेतलंय, पण सासूबाईंना हे वाक्य सुनेच्या तोंडून नको असेल, मुलाच्या तोंडून हवं असेल.

त्या दिवशी मुलीच्या एका हातात पेटलेली मेणबत्ती असेल. हातावर घेतलं तर दोन्ही हात मोकळे हवेत आणि जिभेवर घेतलं तरी मेणबत्ती घेऊन फादरांसमोर तोंड उघडणं धोक्याचंच, केस जवळ असतात, फ्रॉकची जाळी असते. रांगेतून वेदीकडे जाताना ती कुणाच्या तरी हातात द्यावी लागते. बहुतेक चर्चमध्ये मुलं पुढच्या बाकांवर बसतात आणि घरचे त्यांच्या मागे. सासूबाईंना वाटेकडच्या टोकाची जागा धरून ठेवा. आणि त्यांना आजच सांगून ठेवा, की मेणबत्ती तुम्हीच धरायची आहे.